मास्तरांची पांढरी भिंत

मी भिंग बोलतोय. चष्म्यातलं नव्हे, माणसाच्या डोळ्याच्या आत बसवतात ते. दवाखान्यात मला लेन्स म्हणतात. सांगतोय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, शपथ घ्यायला तयार आहे. आता एका ठिकाणी थोडी रफू केली आहे, पण ती तुम्हाला ओळखू येणार नाही. शिंप्याच्या डोळ्यात राहतो मी, तेवढी कला अंगात आलीच.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कण शिरला तरी माणसं घर पेटल्यासारखी धावतात. मी मसुराच्या दाण्याएवढा, नितळ आणि मऊ. बाजूंना केसाएवढे बारीक दोन हात. माझ्या डबीवर एक नंबर छापला होता आणि त्या नंबराचा डोळा कुठे तरी माझी वाट पाहतोय, असं मला सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात तो डोळा वाट बिट काही पाहत नव्हता. तो पळून जायच्या विचारात होता.

कारण तो मास्तरांचा डोळा होता. मास्तर म्हणजे शिंपी. त्यांच्या वडिलांचा मोतीबिंदू काढला तेव्हा म्हणे डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना दिवसेंदिवस उताणं निजवलं होतं, आणि पुढे जन्मभर नाकावर बाटलीच्या बुडासारख्या काचा. मास्तर तीच गोष्ट छातीशी धरून टेबलावर आडवे झाले.

"घाबरू नका मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थेंब घालून डोळा बधिर करते. इंजेक्शन नाही, टाका नाही."

"टाका नाही?" मास्तरांचा आवाज चढला. "आणि उसवलं तर?"

"उसवायला शिवलंय कुठे?"

धंद्यात मुरलेल्या माणसाला एवढा मोठा अपमान पूर्वी सोसावा लागला नव्हता.

बुबुळाच्या कडेला बारीकशी चीर पाडली. सुईच्या टोकातून ध्वनीच्या लहरी सोडून आतलं जुनं भिंग फोडलं आणि तुकडे ओढून घेतले. कडक चहासारखा रंग झाला होता बिचाऱ्याचा. मग मला सतरंजीसारखं गुंडाळून नळीतून आत ढकललं. मी आत जाऊन सावकाश उलगडलो, दोन्ही हात टेकले आणि बूड जमवून बसलो. चीर आपली आपण मिटली. मास्तर दुपारी घरी जेवायला.

इथे मास्तरांच्या घरातलं दुखणं सांगायला हवं, कारण डोळ्यापेक्षा ते मोठं होतं. मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ रंगारी. ऑपरेशनच्या बऱ्याच आधी त्यानं हौसेनं मास्तरांचं दुकान रंगवून दिलं, पांढरंशुभ्र. मास्तरांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "मी पांढरा सांगितला होता. हा पिवळट आहे. कुणाकडचा उरलेला डबा माझ्या भिंतीला फासलास?"

"दाजी, पांढराच आहे."

"मला रंग शिकवतोस? उभा जन्म कापडात गेला माझा."

रंगाऱ्यानं ब्रश उचलला, शिडी खांद्यावर घेतली आणि बहिणीला म्हणाला, "ताई, दाजी भिंत पांढरी आहे म्हणतील त्या दिवशी मी तुझ्याकडे येईन." त्यानंतर तो आला नाही. मास्तरीणबाई दोन कप चहा करत आणि तिसरा कप उगाच विसळून ठेवत.

तुम्ही म्हणाल, भिंत पिवळी दिसली तर पांढरं कापडही पिवळं दिसलं असेल ना? दिसलं की. मास्तरांनी त्याचं खापर गिरणीवर फोडलं. "हल्ली पांढरं कापड पांढरं येतच नाही." घरातली चादर पिवळी दिसली, तिचं साबणावर. सगळं जग बिघडलं होतं, फक्त मास्तरांचा डोळा सोडून.

ऑपरेशननंतर मास्तर दुकानात जाऊन बसले. त्यांचं मशीन दाराकडे तोंड करून. त्यांनी मान वर केली आणि दारावरच्या भिंतीकडे पाहिलं. मीच दाखवली ती. दुधात धुतल्यासारखी, किंचित निळसर झाक मारणारी पांढरी भिंत.

मास्तरांनी झटकन मला मिटलं आणि दुसऱ्या, जुन्या डोळ्यानं पाहिलं. भिंत पिवळी. जीव भांड्यात पडला. मग पुन्हा मला उघडलं. पांढरी. पुन्हा तो डोळा. पिवळी. दुपारभर हा खेळ चालला. गिऱ्हाईक आलं की थांबायचा, गेलं की सुरू. माझ्या बाजूनं पाहिलं की मेहुणा खरा, त्या बाजूनं पाहिलं की मास्तर खरे. आणि मास्तर न्यायनिवाडा कुठल्या बाजूनं करत असतील, हे मी सांगायला नको.

घरी येऊन म्हणाले, "दुसरा डोळा राहू दे. एकानं झकास भागतंय."

"डॉक्टरीणबाईंनी तारीख दिलीय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"त्यांना काय, त्यांचा धंदाच तो."

भिंतीचा तो खेळ मग रोज दिवसभर चालू लागला, आणि हे असंच चाललं असतं. पण मास्तरांच्या दारासमोर, बोळाच्या पलीकडे बेकरी आहे आणि तिच्या गल्ल्यावर बेकरीवाल्या बाई बसतात. एके दिवशी त्या पदर खोचून मास्तरीणबाईंकडे आल्या.

"वहिनी, सांगायला बरं वाटत नाही. पण तुमचे मास्तर माझ्याकडे बघून डोळा मारतात."

"कोण, हे?"

"एकदा नाही हो. दिवसभर. एक झाला की दुसरा."

मास्तरीणबाई तडक दुकानात. मास्तर मान वर करून नेमके तेच करत होते.

"काय चाललंय हे? दात पडायला आले तुमचे."

"कुठे काय?"

"बेकरीवाल्या बाई रडकुंडीला आल्यात. नवा डोळा यासाठी घेतला का?"

मास्तरांनी दाराबाहेर पाहिलं. बाई समोर कमरेवर हात देऊन उभ्या. शेजारचा चांभारही कान टवकारून बसला होता. आता दोनच वाटा होत्या. भिंत पांढरी आहे म्हणायचं, नाहीतर या वयात भलताच आळ अंगावर घ्यायचा. मास्तरांनी बराच वेळ विचार केला. खरं सांगतो, दुसऱ्या वाटेचाही केला.

"भिंत बघत होतो," ते अखेर पुटपुटले.

"भिंतीला डोळा मारतात?"

"या डोळ्यानं पांढरी दिसते. त्या डोळ्यानं पिवळी."

मास्तरीणबाई एकदम मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे माझा भाऊ खोटं बोलत नव्हता."

"दुसरा डोळा होऊ दे. मग खात्री करून जाऊ त्याच्याकडे."

"होऊ दे," त्या म्हणाल्या, "पळायला जागा तरी उरणार नाही."

दुसरा डोळा झाला. तिथे माझा जुळा भाऊ राहायला आला. मध्ये नाकाचा डोंगर, त्यामुळे आमची अजून गाठभेट नाही, पण दोघांचं म्हणणं एकच असतं. भिंत आता कुठूनही पांढरी.

मग मास्तरीणबाईंनी मास्तरांना एका नव्या इमारतीच्या जिन्यात नेलं. रंगारी शिडीवर होता. मास्तर खाली उभे राहिले, हात जोडले आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "चुकलं माझं. भिंत पांढरीच होती, पिवळा मी होतो." रंगाऱ्याच्या हातातून ब्रश गळून पडला आणि मेहुणे-मेहुणे गळ्यात पडून रडले.

मंडळी, माझी एवढीच विनंती आहे. रंगावरून कुणाचं तोंड बघायचं नाही असं ठरवायच्या आधी डोळे तपासून घ्या. थेंब घालतात आणि दुपारी जेवायला घरी सोडतात.

आणि आता राहवत नाही म्हणून सांगतो. ते हात जोडणं, "चुकलं माझं" आणि ती रडारड माझ्या पदरची. ते शब्द मास्तरांच्या तोंडून अजून निघायचेत. घडलं ते असं. मास्तर शिडीखाली उभे राहिले, दोनदा खाकरले आणि जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाले, "दुकानाची भिंत अजून पांढरी आहे हं. टिकाऊ काम."

रंगारी वरूनच म्हणाला, "काय म्हणालात, दाजी? पुन्हा म्हणा."

"माझ्या डोळ्यांचं झालं. कानांचं तू करून घे."

रंगारी हसला. ब्रश डब्यावर आडवा ठेवून एक-एक पायरी उतरला आणि बहिणीला म्हणाला, "ताई, साखर कमी घाल. मी हल्ली कमी घेतो."