अकरा दिवसांचा पाळणा

मी मेघा गावितची केशरी ट्रॉली बॅग बोलतेय. हो हो, तीच! चर्चमध्ये पुढच्या टेबलावर ठेवतात ना, तीच. फक्त माझ्या मागच्या उजव्या चाकाकडे बघू नका. तुटलंय ते. मला लाज वाटते.

मी बनले कुठे ते मला आठवत नाही. मला अक्कल आली ती जळगावात, फुले मार्केटातल्या एका दुकानाबाहेर. आम्ही आठ-दहा जणी एकाच साखळीला बांधलेल्या. समोर रिक्षांची भांडणं, बाजूला लग्नाची खरेदी, दिवसभर नुसता कल्ला. काय मजा यायची!

एक दिवस लीलाधर आला. पाइपच्या कारखान्यात कामाला, शर्टाच्या खिशात अजून गेटपास. त्याने मला फुटपाथवर वीस पावलं ओढलं, वळवलं, परत आणलं.

"भाऊ, आफ्रिकेत चालंल ना ही?"

दुकानदार म्हणाला, "अहो, जळगावच्या खड्ड्यांतून आली परत. आता कुठंबी पाठवा."

बॅग त्याच्या बहिणीसाठी होती. मेघासाठी. पिंपळनेरची पोरगी, धुळ्यात नर्सिंग केलेलं, आणि निघाली होती मलावीला, एका छोट्या मिशन दवाखान्यात सेवेला. मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोरा साहेब आणि त्याचा घोडा येतो. आमची मिशनरी सावळी, साडेचार फुटी, आणि ठेच्याशिवाय जेवण न जाणारी. "मला पाचारण झालंय," म्हणायची, म्हणजे देवाने बोलावलंय. असं म्हणताना तिचे कान लाल व्हायचे. मला ते भारी आवडायचं.

तिची आई इंदिराबाई. तिने माझ्या पोटात काय काय कोंबलं! ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, कुरडया, काळा मसाला, गोधडी. चेन लागेना, तर लीलाधर माझ्यावर बसला. अशी मी विमानात चढले.

तिथलं आयुष्य? सांगते. पहाटे पाचला उठायचं. बायबल वाचायचं, प्रार्थना करायची, पंपावरून पाणी आणायचं. मग दवाखाना. आंब्याच्या झाडाला काटा टांगलेला, त्याच्या झोळीत एकेक बाळ घालून वजन करायचं. गोळ्या, मच्छरदाण्या, बाळंतपणं. दुपारी मक्याच्या पिठाचा पांढरा गोळा आणि त्याच्याबरोबर अर्धी बिबडी, पुरवून पुरवून. रविवारी तिथल्या बायकांबरोबर गाणं. मी खाटेखाली. सगळं ऐकायचे.

दर तीन महिन्यांनी ती घरच्या मंडळीला, म्हणजे गावच्या चर्चच्या लोकांना, पत्र लिहायची. हाताने लिहायचं, पानाचा फोटो काढायचा, लोटननानांना मोबाइलवर पाठवायचा. नाना पिंपळनेरच्या मंडळीचे पंच. ते रविवारच्या उपासनेत मोठ्याने वाचून दाखवायचे. इंदिराबाईला वाचता येत नाही. म्हणजे लेकीची खुशाली तिला सगळ्या गावाबरोबरच कळायची.

आता माझ्या मोठेपणाची गोष्ट.

एका जानेवारीत एक बाळ वेळेआधी जन्मलं. मुलगी. आई बाळंतपणातच गेली. दवाखान्यात बाळं उबेत ठेवायची एकच पेटी, आणि ती बंद पडलेली. मेघा धावत खोलीवर आली, मला खाटेखालून ओढलं, सगळे कपडे जमिनीवर ओतले. आत गोधडी अंथरली, कडेने गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, आणि त्या मुलीला माझ्यात ठेवलं. माझ्यात! तिचं डोकं माझ्या आतल्या खिशापाशी यायचं. लिंबाएवढं डोकं, अहो! अकरा दिवस मी हलले नाही. चेनसुद्धा वाजू दिली नाही.

ती जगली. आजीने नाव ठेवलं चिसोमो. मेघाने पत्र लिहिलं आणि पिंपळनेरला नुसता जल्लोष. लोटननानांनी प्रार्थनेच्या यादीत तिचं नाव घातलं. दर रविवारी आजारी, परीक्षेची पोरं, पाऊसपाणी, मेघाचा दवाखाना, आणि शेवटी "आपली चिसोमो".

वर्षाची झाली तेव्हा फोटो काढला. मी पण आहे फोटोत. ती माझ्यात बसलीये आणि माझं हँडल चावतेय.

पुढच्या पत्राच्या वेळी मेघाने दोन पानं लिहिली. दुसऱ्या पानाचा फोटो काढला, पाठवला. पहिलं पान घडी घालून माझ्या आतल्या खिशात ठेवलं आणि चेन लावली.

त्यानंतर ती पहाटे उठायची, पाणी आणायची, वजनं करायची. सगळं तसंच. पण कान लाल व्हायचे बंद झाले. हात माझ्या हँडलवर ठेवायची, तर झोपेत अंगाखाली दबून बधिर झालेला हात असतो ना, तसा. रडली असती तर मला कळलं असतं, आता रडतेय. ती रडलीच नाही.

अशी तीन वर्षं गेली, आणि या वर्षी दोन महिन्यांची सुट्टी मिळाली. सुट्टीत मिशनरीने मंडळ्यामंडळ्यांत जाऊन साक्ष द्यायची, म्हणजे देवाने तिथे काय केलं ते सांगायचं, अशी पद्धत. जळगाव, चोपडा, धुळे, मधली खेडी. आणि मी स्टार! टेबलावर मला उघडून ठेवायचं, आत गोधडी, वर फोटो. मेघा सांगायची, "याच बॅगेत ती अकरा दिवस होती." लोक डोळे पुसायचे. चोपड्यात एका काकूंनी माझ्याबरोबर सेल्फी घेतला. जळगावात तर पोरांनी रांग लावली.

"ताई, आता केवढी झाली हो ती?"

"हा फोटो पहिल्या वाढदिवसाचा," मेघा म्हणायची. खोटं नाही बोलायची. फक्त तिथे थांबायची.

पहिल्या दोन-तीन ठिकाणी मीही फुगले होते. मग मला कळलं, तिचे शब्द, थांबायची जागा, हसू, सगळं दर वेळी एकसारखं. दहाव्या वेळेला माझ्या आतलं ते पान मला टोचायला लागलं. मी बॅग. ओरडणार कशी?

शेवटची मंडळी पिंपळनेरची. घरची. पुढच्या रांगेत इंदिराबाई. साक्ष झाली, टाळ्या झाल्या, आणि इंदिराबाई उठली. हातात पिशवी. पिशवीतून फ्रॉक निघाले. चार.

"दर नाताळले एक शिवा," ती म्हणाली. "मापना अंदाज शेजारनी दिपमालाना पोरवरथून लिधा. हाऊ यंदाना. चार वरीसनी व्हयनी ना आते?"

निळा फ्रॉक, त्याला पांढरी लेस. तिने तो मेघाच्या अंगाला लावला, उंची दाखवायला. बायका हसल्या. "इंदिराबाई, थोडा आखूड वाटस व!" "नही व, बराबर शे!"

मेघाने फ्रॉक हातात घेतला. मग वाकली, माझ्या आतल्या खिशाची चेन उघडली, ते पान काढलं, आणि माइकसमोर वाचलं. आवाज अगदी सपाट, औषधाची चिठ्ठी वाचावी तसा.

"प्रिय मंडळीस सलाम. मंगळवारी चिसोमो वारली. मलेरिया झाला होता. आजीने घरीच तीन दिवस वाट पाहिली आणि मग दवाखान्यात आणलं. मी ड्यूटीवर होते. जे करायचं ते सगळं केलं. तिला पुरताना मला काहीच वाटलं नाही. मी प्रार्थना करते, पण आतून काही येत नाही. हे तुम्हाला कसं सांगू कळत नाही. तुम्ही सगळे तिच्यासाठी इतके आनंदात आहात."



लोटननाना उठले, बसले, परत उठले. "बेटा... आपण तर गेल्या रविवारीही तिचं नाव घेतलं. ती गेल्यावरही तीन वर्षं घेतोय."

"माहीत आहे, नाना. म्हणूनच सांगवेना. आणि वाटलं, हे कळलं तर तुम्ही म्हणाल, आता कशाला जातेस परत."

बायकांनी फ्रॉक गोळा करून माझ्यात ठेवले, कारण दुसरीकडे कुठे ठेवायचे ते सुचेना.

घरी ओट्यावर मायलेकी बसल्या. मी दारात. इंदिराबाईने बराच वेळ तांदूळ निवडले. मग म्हणाली, "तीन वरीस आम्ही प्रार्थना करी. ती वाया नही जावाव. तुले लागनी व्हई." म्हणजे, तुलाच लागू पडली असेल.

मेघा म्हणाली, "माले काहीच नही लागनं, माय."

मला वाटलं, आता म्हातारी रडणार. किंवा चिडणार. किंवा म्हणणार, मग जाऊ नको. ती सूप झटकत म्हणाली, "मंग आते तुन्हं नाव लावसूत."

पुढच्या रविवारी आम्ही होतो तिथे. लोटननानांनी यादी वाचली. आजारी, परीक्षेची पोरं, पाऊसपाणी, मेघाचा दवाखाना. शेवटी थांबले, चष्मा सारखा केला. "आणि आपली मेघा. तिला काही वाटत नाही, म्हणून." एवढंच. लोकांनी माना खाली घातल्या. ती मलावीला गेल्यापासूनच्या सहा वर्षांत या यादीत तिच्या कामाचं नाव होतं, तिचं कधीच नव्हतं.

मेघाच्या डोळ्यांतून पाणी आलं का? नाही हो. मी नीट बघत होते. तिने फक्त माझ्या हँडलवर हात ठेवला, आणि तो हात थोडा जड होता. तेवढंच. खोटं कशाला सांगू?

आज मंगळवार. मी धुळ्याच्या स्टँडवर उभी आहे. मुंबईची गाडी यायचीय, मग विमान. आत बिबड्या आहेत, मसाला आहे. फ्रॉक मेघाने काढून ठेवले होते. इंदिराबाईने परत घातले. "तठे पोरी काय कमी शेत?" म्हणाली आणि चेन लावून टाकली. या वेळी कुणाला माझ्यावर बसावं लागलं नाही.

पुढच्या सुट्टीत मला टेबलावर बघितलंत तर एक करा. माझ्याबरोबर फोटो काढायच्या आधी तिला विचारा, जेवलीस का. आणि चाकाचं काही होत असेल तर बघा. गाडी लागली वाटतं. येते मी.