निखतच्या दुकानातले धडे

वर्गातल्या पौर्णिमानं माइकवर श्यामचं नाव पुकारलं, तरी तो मागच्या बाकावरून उठला नाही. तिनं पुन्हा पुकारलं. शेवटी शेजारच्या जीवननं त्याला ढकललं.

दहावीचा निरोप समारंभ चालू होता. चांदूर बाजारजवळच्या खेड्यातली ही शाळा एवढी लहान, की अख्खा वर्ग मांडवात दोन रांगांत मावला होता. सकाळपासून एकेक जण उठून आठवणी सांगत होता. गळक्या वर्गात छत्री धरून दिलेली चाचणी झाली, गुडघे फोडून घेऊन जिंकलेली कबड्डीची ढाल झाली. पण प्रत्येकाची गाडी फिरून निखतवर येत होती.

निखत म्हणजे शफीकभाई टेलरची मुलगी. ती नववीत असताना शफीकभाईंना लकवा मारला, उजवा हात गेला, आणि निखत शाळा सोडून मशीनवर बसली. आई हमिदा काज-बटन करायची, बाकी शिलाई निखतकडे आली. तेव्हा सत्यभामा मॅडमनी ठरवलं, की रोज शाळा सुटल्यावर वर्गातल्या एकानं दुकानात जायचं आणि त्या दिवशीचे धडे मोठ्यानं वाचायचे. ती शिवता शिवता ऐकेल. वर्गानं ते वर्षभर केलं. दहावी लागली तेव्हा शफीकभाई डाव्या हातानं कात्री चालवायला शिकले होते, आणि निखत नववीची परीक्षा देऊन वर्गात परत आली.

जीवननं भाषणात सांगितलं, की आम्ही नसतो तर तिचं शिक्षण तिथंच संपलं असतं. मुख्याध्यापकांनी तर तिला मंचावर उभं केलं आणि पाहुण्यांना म्हणाले, की या गरीब मुलीला आमच्या मुलांनी हात दिला. टाळ्या पडल्या. निखत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. समोर बसलेल्या शफीकभाईंनी मान खाली घातली. श्यामनं ते पाहिलं होतं.

तो माइकपाशी आला.

"मले भाषण येत नाही," तो म्हणाला. "पण हे सगळे सांगून राहिले, ते माह्या बाबतीत उलटं हाये."

मग त्यानं सांगितलं, की नववीपर्यंत त्याला नीट वाचता येत नव्हतं. जोडाक्षर आलं की तो अडायचा. वर्गात वाचायची वेळ आली की खोकला काढायचा, नाहीतर पुस्तक घरी राहिलं म्हणायचा. दुकानात मात्र पळायला जागा नव्हती. पहिल्या संध्याकाळी तो दुसऱ्याच ओळीत चुकला आणि निखतची मशीन थांबली. तिनं वर पाहिलं नाही. त्यानं शब्द पुन्हा वाचला, पुन्हा चुकला, पुन्हा वाचला. जमला, तशी मशीन चालू झाली. खाटेवरून शफीकभाई एवढंच म्हणाले होते, "आराम से पढ, बेटा."

पुढं तो दुसऱ्यांचे दिवसही मागून घेऊ लागला. सगळ्यांना वाटलं, श्याम मनानं मोठा आहे. आधी त्याचा एक धडा होईपर्यंत निखतचा अख्खा शर्ट शिवून व्हायचा. उन्हाळ्यापर्यंत कॉलर लागायच्या आत धडा संपू लागला.

"आमी तिले शिकवलं नाही," श्याम म्हणाला. "तिनं मले वाचायले शिकवलं. अन् कोनाले सांगतलं नाही."

सत्यभामा मॅडमनी चष्मा काढला. शफीकभाईंनी मान वर केली होती, आणि ते श्यामकडे नाही, आपल्या मुलीकडे पाहत होते.

कार्यक्रम संपल्यावर निखतनं त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"काहून सांगतलं?"

"तुयी कीव करून राहिले होते सारे."

"आता तुयी करतीन."

"करू दे. मले वाचता येते आता."

ती हसली. अकरावीला ती अमरावतीला सायन्स घेणार होती, तो आयटीआयला जाणार होता. त्याबद्दल दोघं थोडं बोलले, तेवढ्यात फोटोसाठी हाक आली.

पाहुण्यांच्या रांगेत, अगदी मधोमध, एक खुर्ची रिकामी ठेवली होती. मुख्याध्यापकांनी निखतला तिथं बसायला सांगितलं.

"मी वर्गासंगं उभी राहते, सर," ती म्हणाली.

ती मागच्या बाकावर चढली. पौर्णिमा थोडी सरकली, श्याम थोडा सरकला. निखतनं त्या दोघांच्या मधे खांदा घातला आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.