रायभानची कॅसेट

गाण्यातलं मला कळतं, असा माझा समज. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून इथे पूर्णा गावात बसून दर रविवारी माझ्या साडेतीनशे कॅसेटींपैकी एकीवर मी फेसबुकवर लिहितो. चांगल्याला चांगलं आणि फालतूला फालतू, भीडभाड नाही. लेखाखाली ठरलेलं वाक्य असतं : व्यंकटराव ऐकल्याशिवाय लिहीत नाही. त्याच वाक्याने माझा घात केला.

त्या रविवारी आळस नडला. गंगाखेडकडच्या रायभान मेंढपाळाच्या धनगरी ओव्यांची कॅसेट निवडली, पण लावली नाही. अठ्ठ्याण्णव साली ऐकून वहीत टिपणं काढली होती, तीच झाडूनपुसून फेसबुकवर टाकली. आवाज पहाडी, दम लांब, वगैरे.

बुधवारी फोन आला. "मी दीपिका, रायभानची मुलगी. परभणीला शिकते. आमच्या घरची कॅसेट कवाच खराब झाली काका, दुसरी कुठंच भेटंना. आईला बाचा आवाज ऐकायचाय. उद्या येऊ का?"

"या की!" मी ऐटीत म्हणालो.

फोन ठेवून कॅसेट लावली. आतून माझी लेक अर्पिता बोलली. दोन वर्षांची, बोबडी. शेवटपर्यंत तीच.

विकतच्या कॅसेटवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून तिच्या पाठीला दोन खाचा उघड्या ठेवलेल्या असतात. त्यांत कागदाचा बोळा कोंबला की खुशाल वरून रेकॉर्डिंग करता येतं. कोरी कॅसेट आणायचा कंटाळा, म्हणून तेव्हा आम्ही सगळेच असं करायचो. लेक बोलायला लागली त्या आनंदात हाताला लागली ती कॅसेट मी घेतली असणार. बाजू उलटली. तिथेही अर्पिताच.

"सरळ फोन करून सांगा," बायको, राजेश्री, म्हणाली.

"तुला काय जातंय सांगायला!" मी तिच्यावरच खेकसलो. भ्यायलो की मी खेकसतो. फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघी रेल्वेने आल्या. रायभानची बायको सुगंधाबाई चप्पल दाराबाहेर काढून आत आली आणि टेपरेकॉर्डर दिसताच तिने त्याला हात जोडले. ते बघून मी आतल्या खोलीत गेलो. दत्तराव नावाच्या दुसऱ्या एका मेंढपाळाच्या ओव्यांची कॅसेट काढली, सुरुवातीला त्याचं नाव पुकारतात तेवढी टेप पुढे ढकलली आणि बाहेर येऊन लावली. बाई एका शब्दात ओळखणार, असं वाटत होतं. नवऱ्याचा आवाज कोण विसरतं?

पदर तोंडाला लावून ती ऐकत राहिली. एक ओवी संपली, दुसरी संपली. मी दाराकडे बघत होतो, आपल्याच घरातून पळून जाता येईल का ते.

मग ती लेकीकडे वळली. "हेच का गं तुझ्या बाचा आवाज?"

"मला काय ठावं आई? बा गेला तवा मी पाळण्यात होते."

सुगंधाबाई माझ्याकडे बघायला लागली. "लय सालं झाली, दादा. तोंड दिसतंय डोळ्याम्होरं, पर आवाज कानात येईना झालाय. ध्यानातूनच गेलाय. कुणाला सांगायची बी शरम वाटती. तुमी ऐकलंय म्हणून तर लिवलंय. तुमीच सांगा, हेच हायेत का?"

नाही म्हणायचं होतं, देवाशपथ नाही म्हणायचं होतं. राजेश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"होय," मी म्हणालो.

बाई रडली. दीपिकाने दोन्ही बाजू मोबाइलमध्ये भरून घेतल्या. राजेश्रीने त्यांना चहा दिला आणि त्यानंतर ती माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

आता फोन वाजला की आधी नंबर बघतो. रायभानबरोबर ढोल वाजवणारा मुंजाजी अजून त्या गावातच आहे म्हणे. तो कधीतरी त्यांच्या दारावरून जाईल, ऐकेल. रविवारचं लिहिणं मी बंद केलंय.

काल दीपिकाचा मेसेज आला. "काका, आई रोज सकाळी लावून बसते. आता म्हणते, ह्यांचा आवाज मला समदा आठवायला लागला."