घट्ट झाकणाची बरणी

मी एक जुनी प्लास्टिकची बरणी आहे. आरपार दिसणारी, लाल झाकणाची. अंगभर ओरखडे आहेत, पण माझा तोरा अजून गेलेला नाही. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, बरणीला कसला आलाय तोरा? तर ऐका.

कारखान्यातूनच माझं झाकण जरा जास्त घट्ट निघालं. पहिल्या घरी मी साखर सांभाळली. रोज सकाळी चहाच्या वेळी घरातले काका फडकं घेऊन, दातओठ खाऊन माझ्याशी झुंजत आणि "ही बरणी आहे की तिजोरी!" म्हणून ओरडत. शेवटी माझी रवानगी माळ्यावर झाली. दोन वर्षं धूळ खात पडले. आपण कुणालाच नको आहोत, हे मनाला फार लागतं.

त्या घरातल्या ताई लहान मुलांच्या केंद्रात काम करत. स्वमग्न मुलांना दोन-तीन वर्षांच्या कोवळ्या वयातच खेळातून मागायला, सांगायला शिकवणं हे त्यांचं काम. एकदा माळा आवरताना मी त्यांच्या हाती लागले. त्यांनी झाकण फिरवून पाहिलं, ते हलेना. ताईंचा चेहरा उजळला. "अशीच हवी होती मला!" माझ्या खोडीचं असं कौतुक पहिल्यांदाच झालं.

केंद्रात माझ्या पोटात मुलांचं आवडतं खेळणं ठेवत. ते दिसायचं, पण हाती लागायचं नाही. हवं असेल तर कुणाकडे तरी मागायचं. शब्दाने, हाताने, चित्र दाखवून, कसंही. आणि मुलाने मागेपर्यंत मोठ्यांनी थांबायचं.

मग भिंगरी आली. वय वर्षं तीन. दिसेल ती वस्तू गरगर फिरवायची, म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. ती बोलत नसे. रडली तर तहान लागली की पोट दुखतंय, हे घरच्यांनी ओळखायचं. एकदा ती दोन दिवस रडत होती. तिसऱ्या दिवशी कानातून पू आला, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं. हे सगळं तिच्या आईनेच सांगितलं. "पुढच्या वेळी ती आम्हाला सांगेल ना हो?" एवढंच तिने ताईंना विचारलं.

ताईंनी तिचा लाडका भोवरा माझ्यात ठेवला. भिंगरीला रोज आजोबा आणत. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. नात जरा कुरकुरली की ते झटकन मला उघडत.

"आजोबा, थांबा. तिला मागू द्या," ताई म्हणाल्या.

"अहो, तिला काय हवंय ते मला कळतं ना!"

"तुम्हाला कळतं. शाळेत कुणाला कळणार?"

आजोबांनी मला खाली ठेवलं. पण बिघडलेली वस्तू दिसली की दुरुस्त करायचीच, हा त्यांच्या हाडाचा गुण. दुसऱ्या दिवशी ताई सतरंजी आणायला गेल्या, तेव्हा त्यांनी खिशातून तेलाची बुधली काढली आणि माझ्या झाकणाच्या आट्यांना तेल पाजलं! लाजेने मी अर्धी झाले. भिंगरीने झाकण सहज फिरवलं, भोवरा घेतला आणि सगळ्यांकडे पाठ करून कोपऱ्यात जाऊन बसली.

तेलाचा वास ताईंना लगेच आला. त्या रागावल्या नाहीत. "बरणी उघडली, आजोबा. पण आता तिला तुमची गरजच उरली नाही."

आजोबांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे आटे पुसले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली रबराची रिंग झाकणात बसवली. आता मी पूर्वीपेक्षाही घट्ट झाले. मग स्वतःचे हात मांडीखाली दाबून ते समोर बसले.

पुढचे दोन महिने भिंगरीने मला आपटलं, चावलं, फेकलं. ओरखडे तेव्हाचेच. आजोबांच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण हात मांडीखालून निघत नसत. आणि एका सकाळी तिने मला त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मांडीखालचा हात ओढून काढला, माझ्या झाकणावर ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"उघडतो गं बाळा, उघडतो!" एवढ्या घाईने मला आजवर कुणी उघडलं नव्हतं.

मग हळूहळू "उघ" आलं. मग "दे" आलं. आणि एक दिवस भिंगरी माझ्याकडे न बघता सरळ ताईंकडे गेली. त्यांचा हात धरला, आपल्या कानावर ठेवला आणि म्हणाली, "दुख."

आजोबांनी तिला तडक डॉक्टरांकडे नेलं. कान आतून लाल झाला होता. औषध वेळेत मिळालं. आई कामावरून थेट केंद्रात धावत आली आणि लेकीला कुशीत घेऊन हसत-रडत राहिली. नातीचा कान दुखतोय म्हणून पेढे वाटायला निघालेले आजोबा मी याच डोळ्यांनी पाहिले!

भिंगरी आता बालवाडीत जाते. बोलते थोडंच, पण बोलते. झाकणं अजून फिरवते, फिरवू देत की! मित्रांनो, तुमच्या वर्गातही अशी एखादी भिंगरी असेल. तिचं सगळं तुम्हीच करून टाकू नका आणि तिच्याकडे पाठही फिरवू नका. समोर बसा आणि थांबा.

माझं म्हणाल तर एकच मागणं आहे. माझी रबराची रिंग झिजत आली आहे, ती तेवढी वेळेवर बदला. मला सैल पडून चालणार नाही. उद्या सकाळी एक नवा मुलगा येणार आहे.