उदबत्तीचा सरळ धूर

तुळसाबाईंनी पेटती उदबत्ती खिडकीच्या फटीशी धरली आणि डोळे बारीक करून धुराकडे पाहिलं. धूर जरासा कलला.

"इथून येऊन राहिलं जी वारं," त्या म्हणाल्या.

देवीदासने स्टूल सरकवलं आणि जवळच्या सुपेल्याच्या बाजारातून आणलेली ॲस्बेस्टॉसची दोरी पेचकसाने फटीत ठासली. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह मात्र सासूच्या एका शब्दावर सकाळपासून खिळे ठोकत होता. वरच्या झरोक्यावर त्याने प्लायवूड बसवलं होतं, कडांना पुट्टी भरली होती. पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर होता तो. फट बुजवणं म्हणजे त्याच्या हातचा मळ.

तुळसाबाईंनी उदबत्ती पुन्हा चारी भिंतींवरून फिरवली. धूर आता हलेना, सरळ छताकडे गेला.

"आता झाली बाळंतिणीची खोली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

कमलिनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून लेक घेऊन घरी येणार होती. तुळसाबाईंची ही धाकटी. थोरली रंभा अशाच पहिल्या बाळंतपणात गेली. डॉक्टरने काहीतरी लांबलचक नाव सांगितलं होतं, पण तुळसाबाईंना एवढंच कळत होतं की त्या दिवशी दार उघडं राहिलं आणि पोरीला वारं लागलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. वर्ध्याकडून गाडीत बसतानाच त्यांनी ठरवलं होतं, ही पोर वाऱ्याच्या हाती द्यायची नाही.

कमलिनी आली. रोज सकाळी तिची आंघोळ झाली की बाजेखाली शेगडी जायची, वर ओवा आणि बाळंतशेपा पडायचा, आणि दार लागायचं. तोवर तुळसाबाई नातीला तेल लावून मागच्या अंगणात उन्हाला घेऊन बसायच्या. गावी शेगडीचा धूर डोळे फोडायचा आणि कौलांतून निघून जायचा. इथे क्वार्टरला वर स्लॅब होता, पण शेगडीत प्लांटच्या गावात मिळणारा, दगडी कोळसा भाजून केलेला कोक होता, आणि एकदा लाल झाला की त्याला धूर म्हणून नव्हता. तुळसाबाईंना त्या कोकचं भारी कौतुक वाटलं.

सोयर असल्यामुळे देवीदास खोलीत जात नव्हता. दाराच्या पडद्याबाहेर ताट घेऊन बसायचा आणि तिथूनच बायकोशी बोलायचा.

"आज सेफ्टीवाल्यानं क्लास घेतला," तो जेवता जेवता म्हणाला. "कोकच्या भट्टीतल्या गॅसले वास नाई, रंग नाई. माणसाले नुसती झोप येते म्हने. अन् मेल्यावर चेहरा कसा, तं गुलाबी! तब्येत सुधारल्यावानी."

"जेवताना मरनाच्या गोष्टी नोका करू जी," तुळसाबाई म्हणाल्या.

कमलिनी आतून हसली. मग थांबून म्हणाली, "आई, डोकं लय दुखून राहिलं माझं."

"दुखंलच. आंगातलं वारं निघून राहिलं ना."

डोकं शेक झाला की चढायचं आणि संध्याकाळपर्यंत उतरायचं. उतरलं की तुळसाबाई म्हणायच्या, बघ, शेकानंच उतरलं. एका सकाळी कमलिनीला ओकारी झाली.

"आई, दार उघडं ठेव ना जरासं. जीव घाबरते."

"रंभा असंच म्हने," तुळसाबाई म्हणाल्या, आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. कमलिनीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

बाहेरून देवीदास म्हणाला, "आई, थोडा वेळ उघडा ना."

"बाळंतिनीचं तुमाले काय समजते जी?"

देवीदास डबा घेऊन कामावर निघाला. गॅस त्याच्या लेखी प्लांटच्या जाड पाइपांतून जाणारी, लाल पाट्या लावलेली गोष्ट होती. शेगडी तर त्याच्या आईच्याही घरी होती.

त्या सकाळी थंडी कडक पडली होती. तुळसाबाईंनी शेगडीत रोजच्या दुप्पट कोक घातला, लालबुंद होईपर्यंत वारा घातला आणि ती बाजेखाली सरकवली. कमलिनीच्या कानाला फडकं बांधलं, पांघरूण खोचलं, दार ओढून घेतलं आणि नातीला घेऊन त्या अंगणात गेल्या. मध्ये एकदा दार किलकिलं करून पाहून आल्या. त्यांचा जीव सुपाएवढा झाला.

देवीदास नाइट शिफ्ट करून आला. त्याने सायकल भिंतीला टेकवली. तुळसाबाई उन्हात पाय पसरून बसल्या होत्या, पोर मांडीवर होती.

"या जी. आज कमलिनीचा रंग तं पाहा," त्या म्हणाल्या. "इतक्या दिवसाचा पांढरेपना गेला. गाल कसे गुलाबी झाले! अन् झोपली बी गाढ. लागला बाप्पा शेक पोरीले."

देवीदासच्या हातातला डबा पायरीवर पडला. सोयर विसरून तो आत धावला.

"अजी, बारा दिवस नाई झाले अजून!" म्हणत तुळसाबाई पोरीला खांद्यावर टाकून त्याच्या मागे गेल्या.

तो स्टुलावर चढून प्लायवूड ओढत होता. ते निघेना, त्याने ते नीट बसवलं होतं. मग त्याने खाली उतरून स्टूलच उचललं आणि झरोक्यावर हाणलं, एकदा, दोनदा. फळी फुटली. खिडकीतली दोरी त्याने नखांनी उपसून काढली आणि तिची दोन्ही दारं भिंतीवर आपटली. पौषातली थंड हवा भसकन आत आली. बाजेवरच्या कमलिनीला खांद्यांना धरून तो हलवू लागला, हाका मारू लागला, आणि मग एकाएकी थांबून खाली फरशीवर बसला.

"काय करून राहिले जी तुमी! वारं लागंल पोरीले!"

तुळसाबाईंनी नातीला आईच्या पायथ्याशी ठेवलं. कमलिनीच्या कानावरचं फडकं ढिलं झालं होतं, ते त्यांनी घट्ट बांधलं. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. गालाला हात लावून पाहिला. शेगडीच्या बाजूचा होता, गरम होता. मग त्या खिडकीकडे पाठ करून बाजेला अगदी खेटून बसल्या. पदर दोन्ही हातांनी ताणून त्यांनी वाऱ्याला आडोसा केला.

"बंद करा जी ते खिडकी," त्या हळूच म्हणाल्या. "आताच तं डोळा लागला तिचा."

देवीदास उठला नाही. दोरी त्याच्या हातातच होती.