जुन्या कॉम्प्युटरवरचं गणित

अंधांसाठी पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात ताई कॉम्प्युटर सांभाळायची आणि तिचा धाकटा भाऊ ब्रेलची पानं तपासायचा. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं, पण चुकीचा ठिपका त्याच्या बोटांतून सुटायचा नाही. त्या दिवशी गणिताच्या पुस्तकाची तीन पानं त्यानं चाचपली आणि बाजूला सारली. अपूर्णांक चुकले होते.

कारण ताईला लगेच उमगलं. मजकुराचं ब्रेल करणारा प्रोग्राम तिन्ही कॉम्प्युटरांवर होता, पण प्रत्येकावर वेगळ्या आवृत्तीचा. तिन्हींच्या ऑपरेटिंग सिस्टिम युनिक्स नावाच्या एकाच घराण्यातल्या, पण चुलत भावंडांसारख्या. एकीचं सॉफ्टवेअर दुसरीला चालायचं नाही. त्यातून ठिपके उठवणारं यंत्र फक्त सर्वांत जुन्या कॉम्प्युटरला जोडता यायचं, त्याच्यावरच्या जुन्या आवृत्तीला अपूर्णांक जमत नव्हते, आणि त्याच्यासाठी नवी आवृत्ती कुणी काढतच नव्हतं.

छापखान्याच्या मॅनेजरांनी हात टेकले. गणित पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.

"शाळेत मलाही हेच सांगितलं होतं," भाऊ शांतपणे म्हणाला. "मग गणित राहूनच गेलं."

ताईनं आठ दिवस मागून घेतले.

तिनं पॅकेज मॅनेजर, म्हणजे इतर प्रोग्राम आणून बसवणारा प्रोग्राम, असा निवडला, जो या घराण्यातल्या बहुतेक सगळ्या सिस्टिमांवर चालतो. त्याच्याकडे हजारो प्रोग्राम तयार करायच्या कृती असतात: मूळ कोड कुठून आणायचा, आधी काय काय लागेल, कुठल्या सिस्टिमवर कुठे ठिगळ लावायचं. सगळं जागेवर तयार करून तो वेगळ्या फोल्डरात ठेवतो. सिस्टिमच्या मूळ सामानाला हात लावत नाही.

दोन कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच मार्गी लागले. तिसऱ्यानं मात्र नाकी नऊ आणले. कोडपासून प्रोग्राम तयार करणारा त्याचा कंपायलरच जुनाट, म्हणून आधी नवा कंपायलर तयार करणं आलं. दोन दिवस कॉम्प्युटर घरघरत राहिला आणि डिस्क भरून बंद पडला. ताईनं वर्षानुवर्षांचा कचरा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मॅनेजर रोज सकाळी डोकावून जात. ती मान वर न करता "चालू आहे" एवढंच सांगे.

सहाव्या दिवशी कंपायलर झाला, तर ब्रेलचा प्रोग्राम एका फाइलवर अडला. त्याला हवं असलेलं एक फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, या म्हाताऱ्या सिस्टिममध्ये नव्हतंच. ताईनं अर्धा दिवस कोड वाचला आणि ते फंक्शन स्वतः लिहिलं. बारा ओळी. सातव्या दिवशी दुपारी प्रोग्राम चालू झाला.

तिनं एकच धडा तिन्ही कॉम्प्युटरांना दिला. तिन्ही फाइलींत एका ठिपक्याचाही फरक नव्हता. मग पानं छापून भावापुढे ठेवली. त्याची बोटं सरसर फिरली आणि थबकली.

"ताई, इथे बरोबरचं चिन्ह दोनदा आलंय."

तिनं मूळ मजकूर उघडला. तिथेही ते दोनदाच होतं. हा धडा खुद्द मॅनेजरांनी टाइप केला होता.

"म्हणजे तिन्हीकडे चूक सारखीच?" भावानं विचारलं.

"अगदी सारखी."

तो हसू लागला, आणि तिलाही हसू आवरेना. मॅनेजरांनी येऊन जास्तीचं चिन्ह खोडलं आणि छपाईला परवानगी दिली.

यंत्र ठकठक करत पानं टाकू लागलं. ताईनं खुर्ची ओढली आणि पॅकेज मॅनेजरच्या कृती सांभाळणाऱ्या अनोळखी मंडळींना आपल्या बारा ओळी पाठवून दिल्या. असला जुना कॉम्प्युटर आणखी कुणाकडे असेलच की.