सफियाआपाचा खर्ज

सफियाआपाचा आवाज उन्हात तापलेल्या वाळूसारखा होता. दुरून सोनेरी, मऊ, आणि जवळ गेल्यावर पोळणारा. दुबईतल्या एका हॉटेलात ती शनिवारी दुपारी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, गायची आणि मी तिच्या साथीला पियानोवर असायची. तिचे कुटुंब मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे, बालपण दुबईतल्याच अल मनखूल वस्तीतले. बोटीवर नोकरी करणाऱ्या वडिलांनी आणलेल्या कॅसेटींतून तिने हे गाणे उचलले. त्यातल्या बायकांचे दुःख तिला परके वाटले नाही. आखातात गेलेल्या नवऱ्यांच्या वाटेकडे डोळे लावून म्हाताऱ्या झालेल्या मावश्या-खाला तिने गावी पाहिल्या होत्या. वीस वर्षे ती ते दुःख गात राहिली.

एका दुपारी तिचा सूर वर चढला आणि तिथूनच नाहीसा झाला. ओठ हलत होते, ध्वनी नव्हता. मी पियानो थांबवला. बुडणारे माणूस काठाकडे पाहते तशी ती माझ्याकडे पाहत होती.

स्वरतंतूवर गाठ निघाली. "सर्जरी करावी लागेल," डॉक्टर म्हणाले, "पण आवाज पूर्वीसारखा राहील, याची गॅरंटी नाही."

परतताना गाडीत ती घोगऱ्या आवाजात पुटपुटली, "आवाजच गेला तर मी उरते काय गो?"

"काही होणार नाही आपा, इन्शाल्ला," मी म्हटले.

शस्त्रक्रियेनंतर चौदा दिवस मौन. बाहेर जूनचे ऊन भिंती भाजत होते आणि आत, एसीच्या एकसुरी घरघरीत, भय दबक्या पावलांनी वावरत होते. दुपारच्या डुलकीतही आपा दचकून गळ्याला हात लावायची. पंधराव्या दिवशी बोलायची परवानगी मिळाली, तरी तिने तोंड उघडले नाही. जोवर प्रयत्न केला नाही, तोवर आवाज गेला असे ठरत नव्हते.

तिच्याजवळ राहणाऱ्या म्हाताऱ्या आईला हे गाणे कधीच रुचले नव्हते. त्या दुपारी माझ्यासमोरच ती लेकीशेजारी येऊन बसली आणि आपाचेच एक गाणे गुणगुणू लागली. शब्दांविना, बेसूर, पण बंद दाराआडून वर्षानुवर्षे ऐकून पाठ झालेले. चाल चुकली. चुकलेली जागा आपाला सोसवेना. तिच्या कंठातून विहिरीच्या तळातून यावा तसा खरखरीत, खोल सूर उमटला, आणि आम्ही तिघीही क्षणभर त्याला घाबरलो. मग आई म्हणाली, "अल्लाचे शुक्र! थांबू नको पोरी."

वरचे सूर परतले नाहीत. आणखी दोन वर्षे ती खर्जातच गायली. प्रत्येक गाण्याआधी माझा हात घट्ट धरायची, तिचा तळवा बर्फासारखा गार असायचा. मग आईला घेऊन ती दाभोळला गेली आणि तिथेच तिने कायमचे डोळे मिटले.

हल्ली तिच्या जागी एक तरुण गायिका गाते, सुरेल गाते. तिचा सूर वर चढू लागला की मी श्वास रोखते. गेलेल्या माणसाचा आवाजही काळ हळूहळू पुसून टाकतो. त्याच्यासाठी वाटलेली भीती मात्र आठवण होऊन आपल्यातच राहून जाते.